प्रॉपर कुठले?

पुण्यात कुणाशी ओळख झाली की तिसऱ्या वाक्याला प्रश्न येतो, "तुम्ही प्रॉपर कुठले?" इथे बावीस वर्षं काढून, इथल्या दुपारच्या झोपा झोपून, दुकान एक ते चार बंद असण्यामागचं तत्त्वज्ञान पटल्यावरसुद्धा "पुण्याचा" म्हणायची माझी छाती होत नाही. "प्रॉपर कराडचा," असं मी निमूट सांगून टाकतो. समोरच्याच्या चेहऱ्यावर "तरीच!" उमटतं आणि ओळख पुढे सरकते.

हाच प्रश्न मला माझ्या कॉम्प्युटरने विचारला, एप्रिलातल्या एका रविवारी सकाळी साडेअकरा वाजता. काळाभोर पडदा आणि वरच्या कोपऱ्यात पांढरी अक्षरं : रीबूट अँड सिलेक्ट प्रॉपर बूट डिव्हाइस. विंडोज जिथून सुरू करायची ती प्रॉपर जागा सापडत नाही, असं त्याचं म्हणणं. म्हणजे पंखे फिरतायत, दिवे लागलेत, सगळं छान आहे हो तुमचं. पण प्रॉपर कुठले?

हा कॉम्प्युटर मी २०१९ साली स्वतः जोडलाय. 'स्वतः' या शब्दावर आमच्याकडे मतभेद आहेत. बायकोच्या मते पुतण्याने जोडला आणि मी स्क्रू धरले. पण तपकीर गल्लीत तीन शनिवार पायपीट केली ती मी, आणि प्रत्येक दुकानात "यापेक्षा कमी नाही का होणार?" विचारलं तेही मीच. रायझन ५ ३४००जी प्रोसेसर, बी४५० मदरबोर्ड, आठ-आठ जीबीच्या दोन रॅम, साडेचारशे वॉटचा एसएमपीएस, म्हणजे सगळ्यांना वीज वाटणारा डबा, आणि दोन बोटं रुंद नसेल अशी पाचशे जीबीची एसएसडी, म्हणजे नव्या पद्धतीची, आत काही न फिरणारी डिस्क. शिवाय २०१३ सालच्या आमच्या जुन्या ब्रँडेड कॉम्प्युटरमधली हार्ड डिस्कही, "चालतेय तोवर चालू दे" या घराण्याच्या ब्रीदवाक्याला जागून, नव्या कॅबिनेटात एका कोपऱ्यात बसवली. घरात म्हातारी माणसं असावीत, आधार वाटतो.

ब्रँडेड यंत्र बिघडलं तर एकाच नंबरवर फोन करून एकाच माणसावर ओरडता येतं. असेंबल केलेल्याचं तसं नसतं. रॅमवाला मदरबोर्डाकडे बोट दाखवतो, मदरबोर्डवाला एसएमपीएसकडे, एसएमपीएसवाला "घरचं अर्थिंग बघून घ्या एकदा" म्हणतो, आणि मग सगळी बोटं, ज्याने हौसेने जोडला त्याच्याकडे वळतात. त्या वेळी पुतण्याने जोडलेला कॉम्प्युटर पूर्णपणे माझा होतो.

एरवी चार दिवस बंद राहिला असता तरी कुणाचं काही अडलं नसतं. पण मी आमच्या सोसायटीचा खजिनदार आहे. (निवडणूक झाली नव्हती. मी त्या सभेला गैरहजर होतो.) ३१ मार्चला वर्ष संपलेलं, ऑडिटर पुढच्या गुरुवारी येणार आणि अठ्ठावीस फ्लॅटांचे हिशेब डेस्कटॉपवर, 'फायनल', 'फायनल नवीन' आणि 'फायनल हेच' अशा तीन फायलींत.

त्या रविवारी नेमकं काय झालं ते आता सांगायला हरकत नाही. तेव्हा मात्र मी कुणालाच सांगितलं नव्हतं.

महिनाभर कॅबिनेटातून कट... कट-कट... असा आवाज येत होता. कुणीतरी आत बसून नखं कापतंय असा. तो जुन्या डिस्कचा आहे हे मला कळत होतं. त्यातले फोटो मी एसएसडीवर उतरवून घेतले होते, विंडोजही एसएसडीवरच, तेव्हा म्हातारीची आता गरज नव्हती. कॉम्प्युटर बंद केला, बाजूचा पत्रा उघडला. आत धूळ अशी बसली होती की पंख्याच्या पात्यांना लोकर आल्यासारखी दिसत होती. रंगाच्या ब्रशने झाडली. रॅम काढून, पुसून परत लावल्या. दोन वायरी हिसका न देता काढल्या, चार स्क्रू सोडवले आणि डिस्क बाहेर घेतली.

"हे केवढं जड रे!" आई म्हणाली. डायनिंग टेबलावर तिची साबुदाण्याच्या पापड्यांची तयारी चालली होती. "कामाचं आहे का?"

"छे. जुनं आहे. टाकायचंच."

आईने ते हातावर तोलून बघितलं, भाजीवालीचं माप बघते तसं, आणि बाजूला ठेवलं. मी पत्रा बंद केला, बटण दाबलं, आणि प्रॉपर कुठले.

समोरचे काका टेलिफोन खात्यातून निवृत्त झालेले आहेत. विजेवर चालणाऱ्या प्रत्येक वस्तूवर त्यांचा उपाय एकच असतो, तो म्हणजे संपर्क. बल्ब लागत नाही? कॉन्टॅक्ट गेलाय. गीझर तापत नाही? कॉन्टॅक्ट. शेजारचा मुलगा ऐकत नाही, त्याचंही निदान त्यांनी जवळपास तेच केलं होतं. ते लुंगी सावरत आले, पडद्यावरचं वाक्य दोनदा मोठ्याने वाचलं आणि म्हणाले, "रॅम. खोडरबर आण."

ज्यांनी भारतात कधी कॉम्प्युटर दुरुस्त होताना पाहिला असेल त्यांना खोडरबर म्हणजे काय ते माहीत आहे. रॅमच्या खालच्या कडेला सोनेरी पट्ट्या असतात. त्यांवर हवेने, दमटपणाने काजळी धरते आणि रबराने घासलं की ती निघते. उपाय खरा आहे, मी नाकारत नाही. पण पडद्यावर अक्षरं उमटली याचा अर्थ रॅम बिचारी आपलं काम करतेच आहे, इतका विचार तेव्हा आमच्या दोघांच्याही डोक्यात आला नाही. कंपासपेटीतला वासाचा रबर आणला. काकांनी एका रॅमला इतकं प्रेमाने घासलं की घरभर स्ट्रॉबेरीचा वास सुटला. मग त्यांनी ती परत बसवली. म्हणजे त्यांना तसं वाटलं.

रॅम खाचेत बसताना 'टक' असा आवाज यावा लागतो. तो आला नव्हता. बटण दाबताच मदरबोर्डाच्या चिमुकल्या स्पीकरने लांबलचक पीऽऽऽप द्यायला सुरुवात केली, थांबून पुन्हा पीऽऽऽप. कॉम्प्युटर चालू झाल्यावर आधी स्वतःची तपासणी करतो, मेमरी आहे का, डिस्प्ले आहे का, आणि पडद्यापर्यंत पोचताच आलं नाही तर अशी शिटी मारून सांगतो. दुसऱ्या मजल्यावरून बाई विचारायला आल्या, गॅस लीक झालाय का. काकांनी पुन्हा जोर लावला. टक. शिट्या थांबल्या आणि पडद्यावर तेच, प्रॉपर.

"मगाशी काय काय केलं होतंस?" काकांनी जाता जाता विचारलं.

"काही नाही. नुसती धूळ झाडली."

याची मला लाज वाटत नाही. डॉक्टर विचारतात, "बाहेरचं काही खाल्लं होतंत?" तेव्हा स्टेशनबाहेर हादडलेले तीन वडापाव डोळ्यांसमोर तरळत असतानाही आपण "छे, घरचंच," म्हणतोच ना? त्यात खोटं बोलायचा हेतू नसतो. वडापावचा याच्याशी संबंध असूच शकत नाही अशी मनाची बालंबाल खात्री असते.

सोमवारी ऑफिसातून आल्यावर कॅबिनेट ॲक्टिव्हाच्या पायापाशी उभं करून, गुडघ्यांत धरून, तपकीर गल्लीत नेलं. ज्यांनी हा प्रवास केला नसेल त्यांनी करू नये. प्रत्येक खड्ड्याला आतून खडखड येत होती आणि प्रत्येक खडखडीला मी मनात किंमत लावत होतो. गल्लीत गाडी लावायला जागा नव्हती, ती त्या गल्लीत कधीच नसते. मग ते धूड कडेवर घेऊन, "साइड, साइड" म्हणत आत शिरलो.

काउंटरवरच्या मुलाने वायर लावली, पडदा चार सेकंद पाहिला.

"विंडोज उडालंय काका. फॉरमॅट मारू."

'मारू' हे क्रियापद मला पहिल्यापासून आवडत नाही. "आत डेटा आहे," मी म्हणालो.

"बॅकअप घेतलाय ना?"

मी त्याच्याकडे बघितलं. त्याने माझ्याकडे बघितलं. त्या एका नजरेत त्याला माझ्यासारखे त्या महिन्यातले सगळे काका दिसले असावेत. "मग रिकव्हरीचे वेगळे," तो म्हणाला आणि कॅल्क्युलेटर ओढला. मी कॅबिनेट परत कडेवर घेतलं.

परत येताना चेअरमनसाहेबांचा फोन आला, हिशेब कुठवर आले. माझ्या तोंडून आपोआप निघालं, "सर्व्हर डाउन आहे." ते लगेच शांत झाले. "अच्छा अच्छा, मग काय करणार." या तीन शब्दांइतकं प्रभावी वाक्य अलीकडच्या मराठीत दुसरं नाही. उभ्या देशाने काउंटरसमोर उभं राहून ते पचवलंय.

रात्री पुतण्याला व्हिडिओ कॉल लावला. तो बंगळुरूला असतो आणि त्याची सकाळ आमच्या जेवणानंतर होते.

"काका, काही बदललं होतं का?"

"नाही रे. नुसती धूळ."

"ओके. मग बायोसमध्ये जा. चालू केल्या केल्या डिलीट दाबत राहा."

बायोस म्हणजे विंडोजच्याही आधी जागा होणारा, मदरबोर्डावरचा छोटा प्रोग्रॅम. त्यात जाणं म्हणजे धावती बस पकडणं. दार दोन-तीन सेकंदच उघडं असतं. आणि माझा मॉनिटर जुना, झोपेतून उठायला त्याला चार सेकंद लागतात. म्हणजे पडद्यावर "डिलीट दाबा" अशी सूचना उमटते तेव्हा तो डोळे चोळत असतो आणि त्याचे डोळे उघडतात तेव्हा बस गेलेली असते. पाचव्या वेळी मी पडद्याकडे बघायचंच सोडलं. बटण दाबलं आणि डोळे मिटून डिलीटची टकळी लावली, जप केल्यासारखी. लाभली.

बायोस हा शब्द १९७५ साली गॅरी किल्डल या अमेरिकन गृहस्थाने रूढ केला. बेसिक इनपुट आउटपुट सिस्टीम या चार शब्दांची आद्याक्षरं. ग्रीकमध्ये बायोस म्हणजे आयुष्य असंही वाचलंय, आणि त्या चार दिवसांत माझं जे काही खर्ची पडलं ते पाहता मला ते पटतं. हल्लीच्या बोर्डांत खरं तर त्याच्या जागी यूईएफआय नावाचं नवं प्रकरण असतं, पण बायोस हे नाव सुटत नाही. लक्ष्मी रोडवर दुकान बदलतं आणि लोक पाटी जुन्याच नावाने वाचतात, तसंच ते.

"एसएसडी दिसतेय का?"

"दिसतेय. पाचशे."

"आणि बूट लिस्टमध्ये? विंडोज बूट मॅनेजर?"

"तिथे काहीच नाही. नुसत्या रेघा."

"अरेच्चा," पुतण्या म्हणाला. तज्ज्ञ माणसाने "अरेच्चा" म्हणू नये. डेंटिस्ट आणि न्हावी यांना तर ते कायद्याने बंद करायला हवं.

मग त्याने सेल काढायला सांगितला. मदरबोर्डावर घड्याळात असतो तसा, जरा मोठा बटण-सेल असतो, सीआर २०३२. या आकड्यात माप लपलेलं असतं, वीस मिलिमीटर व्यास आणि तीन पूर्णांक दोन जाडी. आपल्याकडे शर्टाच्या मापाचासुद्धा इतका भरवसा देता येत नाही. तो बायकोच्या केसांच्या पिनेने उचकटायचा, पाच मिनिटं थांबायचं, परत बसवायचा, म्हणजे बायोस सगळं विसरून पहिल्यापासून सुरू करतो. केलं. घड्याळ १ जानेवारी २०१९ वर गेलं. दोन मिनिटं मी त्या तारखेकडे बघत राहिलो. करोना यायचा होता, मी खजिनदार व्हायचा होतो आणि कपाळाच्या वर अजून केस होते. बूट लिस्टमध्ये मात्र तेव्हाही रेघाच.

"उद्या पेनड्राइव्हवर विंडोजचा सेटअप करा," पुतण्या म्हणाला. "आठ जीबीचा लागेल. त्यातलं सगळं पुसलं जाईल हां."

घरात आठ जीबीचा एकच पेनड्राइव्ह होता, आणि तो गाडीच्या म्युझिक सिस्टीमला कायमचा चिकटलेला होता. त्यात बायकोची गाणी. चारशे बारा. तिने ती लग्नाच्या आधीच्या सीड्यांवरून, एकेक नाव मराठीत टाइप करून भरली होती. मी तिला विचारलं, असं मला आजही वाटतं. तिला ते आठवत नाही. मंगळवारी ऑफिसच्या लॅपटॉपवर सेटअप तयार झाला. त्या संध्याकाळी गाडीत बसल्यावर म्युझिक सिस्टीमने 'नो मीडिया' दाखवलं आणि शनिवारवाड्यापासून घरापर्यंत कुणी कुणाशी बोललं नाही. त्याचा खुलासा या लेखाच्या कक्षेत येत नाही.

पेनड्राइव्हवरून कॉम्प्युटर सुरू झाला तेव्हा मला इतका आनंद झाला की मी हात जोडले. निळा पडदा, 'रिपेअर युवर कॉम्प्युटर', मग 'स्टार्टअप रिपेअर'. गोल गोल ठिपके फिरू लागले. मी चहा केला, प्यायलो, कप विसळला. ठिपके थांबले आणि विंडोजने कळवलं की तिला हा कॉम्प्युटर दुरुस्त करता आला नाही. का, कशामुळे, यावर एक शब्द नाही. लाल फितीची कचेरीसुद्धा अर्ज नामंजूर करताना कलम लिहिते.

मग कमांडचा काळा पडदा उघडला आणि पुतण्या बंगळुरूहून सांगू लागला.

"बूटरेक, स्पेस, स्लॅश, फिक्सबूट."

"उलटा स्लॅश की सुलटा?"

"सुलटा. प्रश्नचिन्हाच्या बटणावरचा."

उत्तर आलं, ॲक्सेस इज डिनाइड. माझं घर, माझी वीज, माझा कॉम्प्युटर, हप्ते माझ्या पगारातून गेलेले, आणि मला प्रवेश नाकारला. पुतण्या म्हणाला, "तसंच येतं काका, मनावर घेऊ नका. आता बूटरेक, स्लॅश, रीबिल्डबीसीडी." यंत्राने बराच वेळ शोध घेतला आणि जाहीर केलं, ओळखल्या गेलेल्या विंडोजची एकूण संख्या शून्य. बाजूलाच, बोटभर अंतरावर, तीच एसएसडी, तिच्यात ती विंडोज आणि तिच्या डेस्कटॉपवर 'फायनल हेच'. लग्नात बायकोच्या मामांनी मला असंच न ओळखल्याचं आठवलं.

मंगळवार तिथेच संपला. बुधवारी मी रजा टाकली.

सकाळी दहा वाजता पुन्हा काळा पडदा. "आता डिस्कपार्ट लिहा," पुतण्या म्हणाला. "मग लिस्ट व्हॉल्यूम. काय काय दिसतं, वाचा."

"सी. एनटीएफएस. चारशे पासष्ट जीबी. मग डी, तो तुझा पेनड्राइव्ह. संपलं."

"शंभर एमबीचं काही? फॅट थर्टीटू? नावाशिवाय?"

"नाही."

बराच वेळ तिकडून नुसता पंख्याचा आवाज आला. मग तो अगदी सावकाश, वकील साक्षीदाराला विचारतो तसा म्हणाला, "काका. या कॅबिनेटमध्ये आधी दुसरी कुठली डिस्क होती का?"

स्टेशनबाहेरचे तिन्ही वडापाव माझ्या डोळ्यांसमोर आले. चटणीसकट.

"होती," मी म्हणालो. "जुनी. २०१३ ची. पण तिच्यात नुसते फोटो होते रे."

पुतण्या रागावला नाही. तो हसलाही नाही. त्याने मला समजावून सांगितलं, आणि मी ते इथे माझ्या भाषेत सांगतो. कॉम्प्युटर चालू होतो तेव्हा त्याला काही म्हणजे काहीच माहीत नसतं. मदरबोर्डावरचा एक छोटा प्रोग्रॅम जागा होतो, तो एका ठरलेल्या कोपऱ्यात जाऊन त्याहून थोडा मोठा प्रोग्रॅम उठवतो, आणि तो मग झोपलेल्या विंडोजला हाक मारतो. स्वतःच्या खांद्यावर स्वतःच चढण्याचा प्रकार. हा जो ठरलेला कोपरा, तो म्हणजे शंभर-एक एमबीचं एक वेगळं पार्टिशन. २०१९ साली आम्ही एसएसडीवर विंडोज टाकली तेव्हा जुनी डिस्क जोडलेलीच होती, आणि तिच्यावर २०१३ पासूनचा असा कोपरा आयता तयार होता. विंडोजने पाहिलं, आहे की जागा, कशाला नवा खर्च, आणि हाक मारणारा तिथेच बसवला. स्वतः राहायला गेली एसएसडीवर. आम्हाला काही बोलली नाही.

"म्हणजे राहते इथे," मी म्हणालो, "पण रेशनकार्ड तिकडचं."

"ॲड्रेस प्रूफ," पुतण्या म्हणाला. त्यांच्या पिढीला रेशनकार्ड कळत नाही.

माझं स्वतःचं नाव अजून कराडच्या रेशनकार्डावर आहे. दर वर्षी इकडे आणायचं ठरतं. त्या यंत्राविषयी मला चार दिवसांत पहिल्यांदाच माया वाटली. पंखे, दिवे, सोळा जीबी रॅम, सगळा संसार इथे आणि कुणी प्रॉपर विचारलं की तोंडात मारल्यासारखं गप्प.

"डिस्क आहे ना अजून?" पुतण्याने विचारलं.

डायनिंग टेबलावर नव्हती. टीव्हीखालच्या खणात नव्हती. भंगाराच्या पिशवीत नव्हती. बायकोला विचारलं तर ती म्हणाली, "मला काय विचारता? मला आजकाल कुठे काय विचारलं जातं?" पेनड्राइव्ह अजून संपला नव्हता.

"आई, ती डिस्क बघितलीस का? जड, चौकोनी, चंदेरी?"

"ते वजन होय? वर आहे."

मी दोन-दोन पायऱ्या चढत गच्चीवर गेलो. उन्हाने डोळे दिपले. एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत प्लॅस्टिकचा कागद अंथरलेला, त्यावर साबुदाण्याच्या पापड्या गोल गोल, ओळीत, नुकत्या पारदर्शक व्हायला लागलेल्या. आणि चार कोपऱ्यांना वारा धरू नये म्हणून चार वजनं : एक वरवंटा, एक विटेचा तुकडा, मुठीशिवायची जुनी इस्त्री आणि माझी विंडोज बूट मॅनेजर.

रविवार दुपारपासून ती तिथे होती. दिवसा ऊन, संध्याकाळी आई कागदासकट आत ओढून घेई, सकाळी पुन्हा वर. लेबलावर साबुदाण्याची खळ वाळून त्याची चकचकीत साय झाली होती. मी तिला हात लावला आणि पटकन काढला. इतकी तापली होती. रुमालात गुंडाळून उचलली तसा तो कोपरा फडफडला आणि पापड्यांची एक ओळ दुमडून एकमेकींना चिकटली.

"अरे! अरे!" आई जिन्यातूनच ओरडली. "दुसरं काहीतरी ठेव आधी!"

खाली धावलो. घरात जड काय असतं हे वेळेला आठवत नाही. कपाटावर सोसायटीच्या पावतीपुस्तकांचा गठ्ठा होता, वर्षभराचा, दोरीने बांधलेला. तो नेऊन ठेवला. आईने बोटाने दाबून बघितलं आणि मान हलवली. वरवंट्याच्या तोडीचा नाही, पण चालेल.

डिस्क तासभर पंख्याखाली गार केली. पुतण्याने बजावलं होतं, तापलेली लावू नका. ओल्या फडक्याने साबुदाणा पुसला, कोरड्या फडक्याने ओल पुसली, जोडणीच्या खाचेत फुंकर मारली आणि समोरच्या काकांनी, ते या वेळेपर्यंत येऊन बसलेच होते, रबर पुढे केला. नको म्हटलं. दोन वायरी लावल्या. पत्रा उघडाच ठेवला. बटण.

कट... कट-कट.

इतका गोड आवाज मी ऐकला नव्हता. कट-कट-कट, आणि काळ्या पडद्यावर चार निळे चौकोन उमटले, खाली ठिपक्यांचं वर्तुळ फिरू लागलं. काका म्हणाले, "बघ, कॉन्टॅक्टच होता." चार दिवसांत पहिल्यांदा ते तत्त्वतः बरोबर होते.

डेस्कटॉप उघडल्यावर आधी तिन्ही फायनल मोबाइलवर, मेलवर आणि बायकोच्या मोबाइलवर पाठवल्या. मग पुतण्याने उरलेलं काम करून घेतलं. एसएसडीच्या पोटातून थोडी जागा आवळून काढली, तिथे शंभर एमबीचा नवा कोपरा आखला, त्याला एस हे अक्षर दिलं, आणि शेवटी एक ओळ : बीसीडीबूट, स्पेस, सी, कोलन, उलटा स्लॅश ("उलटाच ना?" "उलटाच."), विंडोज, स्पेस, सुलटा स्लॅश, एस, स्पेस, एस, कोलन. एंटर. उत्तर आलं, बूट फायली यशस्वीरीत्या तयार झाल्या. संपूर्ण प्रकरण सात मिनिटांचं. नाव इकडच्या कार्डावर चढलं. मी स्वतः अजून तहसील कचेरीत गेलेलो नाही.

कॉम्प्युटर बंद केला, जुनी डिस्क पुन्हा काढली, पुन्हा बटण दाबलं. आवाज नाही, कटकट नाही, नऊ सेकंदांत डेस्कटॉप. मी पत्रा बंद करून स्क्रू पिळत होतो तेवढ्यात आई आत आली, हात पुढे करून.

"झालं ना तुझं? मग दे ते. वारा सुटलाय."

मी दिली. गुरुवारी ऑडिटर आला तेव्हा हिशेब छापून तयार होते आणि पावतीपुस्तकंही गच्चीवरून खाली आली होती. त्याने चष्मा लावला, पानं उलटत गेला, पेन्सिलीने बारीक टिका करत गेला. डिसेंबरच्या पुस्तकापाशी त्याचा हात थांबला. फ्लॅट नंबर १४ च्या देखभाल खर्चाच्या पावतीवर एक साबुदाण्याची पापडी वाळून घट्ट बसली होती, काचेसारखी, आणि तिच्यातून खालचा आकडा मूळ आकाराच्या दीडपट दिसत होता. त्याने ती नखाने उचकटायचा प्रयत्न केला, निघेना. चष्म्यावरून माझ्याकडे बघितलं.

"आणि हे कशाचं व्हाउचर?"